वहिनींची ७×५७: मऊ रायफल आणि तिची घरी भरलेली काडतुसं

शिकारी पेनसिल्व्हेनियातल्या, वय पंचेचाळीसच्या पुढे, बांधा लहान. उजव्या खांद्याच्या स्नायूबंधावर शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टरांनी दीड वर्षानंतर रायफल चालवायला परवानगी दिली, पण 'जोराचा धक्का नको' या अटीवर. नवरा, म्हणजे माझा मित्र, .३०-०६ (जोरकस काडतुसाची रायफल) वापरतो आणि त्याच्या हातात ती शोभतेही. वहिनींनी ती रेंजवर चालवून पाहिली होती. तिसऱ्या बाराला त्यांचे डोळे आधीच मिटत होते, आणि गोळी कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जात होती. त्यांनी मला गाठून एवढंच सांगितलं, "भाऊजी, मला हरीण पाडायचंय, खांदा नाही." ही त्यांची ७×५७ ची (७ मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटरची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच) रायफल कशी ठरली, तिच्यात काय भरलं आणि का, त्याची ही नोंद.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण भारतातले वाचकही हे वाचतील. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि हौसेची शिकार तिथे बंद आहे. इथलं काहीही तिकडे लागू करायचं नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र हरणांचा हंगाम सरकारी गेम कमिशनच ठरवतं, पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं असतं, आणि रायफलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतर सुरू होऊन सुमारे दोन आठवडे चालतो. हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल तिथे चालत नाही. म्हणून बोल्ट, लिव्हर, पंप अशा, दर बारानंतर हाताने काडतूस चढवायच्या रायफलींतूनच निवडायचं होतं. इमिग्रेशनचा मुद्दाही मराठी मंडळींनी लक्षात ठेवावा: एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याचं बंधन आहे, आणि वैध शिकारी परवाना असल्यास त्याला अपवाद मिळतो. वहिनी नागरिक आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना आला नाही. पण विचारल्याशिवाय कोणी रायफलला हात लावू नये.

आता धक्क्याचा हिशेब. रायफल किती मागे ढकलते हे गोळीचं वजन, तिचा वेग, जळणाऱ्या पावडरचं (दारूचं) वजन आणि रायफलचं स्वतःचं वजन या चार गोष्टींवर ठरतं. दुर्बिणीसकट आठ पौंडांची रायफल धरली आणि १६५ ग्रेनची (एका पौंडात ७,००० ग्रेन) गोळी २,८०० फूट प्रतिसेकंद वेगाने सोडली, तर .३०-०६ चा धक्का सुमारे १८ ते १९ फूट-पौंड (ऊर्जेचं माप) येतो. त्याच वजनाच्या रायफलमधून १४० ग्रेनची ७ मिलिमीटर गोळी २,६०० च्या वेगाने गेली, तर तो ११ च्या आसपास. १२० ग्रेनची असेल तर ९. म्हणजे गोळीचं वजन आणि वेग थोडेसे उतरवले की धक्का अर्ध्यावर येतो. हरणाला मिळणारा परिणाम मात्र अर्ध्यावर येत नाही. सगळी निवड या एका गोष्टीभोवती फिरली.

वहिनींच्या समोर नावं पुष्कळ होती, आणि प्रत्येक नावाला कोणी ना कोणी शपथ घेणारा सापडतो. .२४३ विन्चेस्टर, १९५५ पासूनची, हिचा धक्का सर्वात कमी. हिने पाडलेल्या हरणांची गणती नाही, हे मी पूर्ण मानतो. पण गोळी हलकी असल्याने ती नेमकी कुठे आणि कोणत्या कोनातून लागते याला जास्त महत्त्व येतं. पहिल्याच हंगामात उतरणाऱ्या माणसाला थोडी मोकळीक असावी, असं माझं मत. .३०-३० लिव्हर (१८९५ ची) रानात सुटसुटीत, पण रायफल हलकी, दस्ता अरुंद. आकड्यात धक्का मध्यम दिसतो, खांद्याला मात्र तो टोचतो. .२५७ रॉबर्ट्स अप्रतिम, पण पुंगळ्या मिळेनात. ६.५×५५ स्वीडिश १८९४ ची, माझी स्वतःची आवडती, तिच्या लांब नळीच्या सैनिकी रायफली वजनदार असतात आणि छोट्या बांध्याच्या बाईला झाडीत त्या फिरवणं जड.

खरी स्पर्धा ७ मिलिमीटर-०८ आणि ७×५७ यांच्यात होती. पहिली १९८० ची, .३०८ च्या पुंगळीची मान लहान करून बनवलेली. दुसरी १८९२ ची, जर्मन माउझर कंपनीची. दोन्हींत गोळी तीच, .२८४ इंचाची. पुंगळीतल्या जागेत फारसा फरक नाही. मी वहिनींना साफ सांगितलं, की तुम्ही काडतुसं घरी भरणार नसाल तर ७-०८ घ्या. दुकानात तयार पेटी सहज मिळेल, वेगवेगळ्या गोळ्यांची मिळेल आणि रायफलही नवी मिळेल. घरी भरणार असाल तर मग दोन्ही सारख्या, आणि जी रायफल अंगाला बसते ती घ्यावी. त्यांनी घरी भरायचं ठरवलं. नवऱ्याची प्रेस आणि तराजू घरात होताच, आणि त्यांना स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मापाने काम करायला आवडतं.

७×५७ बद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण ही नुसती जुनी म्हणून आवडती झालेली नाही. १८९३ पासून स्पेनने ही सैन्याला दिली. १८९८ मध्ये क्युबातल्या सान हुआनच्या टेकडीवर स्पॅनिश सैनिकांकडे हीच काडतुसं होती, आणि चढून येणाऱ्या अमेरिकी फौजेला त्यांनी फार महागात पाडलं. दक्षिण आफ्रिकेत बोअरांनीही माउझरच्या जोरावर ब्रिटिशांना हैराण केलं. त्या लढायांतली गोळी जड आणि गोल नाकाची, १७३ ग्रेनच्या आसपासची होती आणि वेग सुमारे २,३०० फूट प्रतिसेकंद. म्हणजे आजच्या मापाने सावकाश. ती सरळ आणि खोल जायची. तिच्या नळीतल्या खाचांचा (रायफलिंगचा) पीळ दाट असतो, साधारण २२० मिलिमीटरला एक फेरा, म्हणून लांब गोळी तिच्यात स्थिर राहते.

ब्रिटिशांनी हीच काडतुसं .२७५ रिग्बी या नावाने विकली आणि भारताशी तिचा संबंध तिथून येतो. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी .२७५ रिग्बी भेट दिली. पुढे कुमाऊंमधल्या कामात ती त्यांच्या हाती पुष्कळदा असे. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी याच काडतुसाने हत्ती मारले, हेही प्रसिद्ध आहे. हे दाखले लोक मला नेहमी ऐकवतात, ७×५७ काहीही पाडते असं सुचवायला. मला तो युक्तिवाद मान्य नाही. बेल मेंदूवर, घट्ट, न उमलणारी (आदळल्यावर पुढून न फाकणारी) गोळी, अतिशय अभ्यासून मारत असे. ते कौशल्य काडतुसाचं नव्हतं. हरणासाठी उलट आपल्याला उमलणारी गोळी लागते. तिचं काम वेगळं, तिची चाचणीही वेगळी.

रायफल दोन मिळत होत्या. एक, शिकारीसाठी कापूनछाटून घेतलेली १८९५ ची, चिली देशाच्या सैन्याची माउझर, बर्लिनच्या लुडविग लोव्हे कारखान्यातली. बोल्ट लोण्यासारखा फिरत होता आणि किंमत फार कमी. दुसरी, रुगर कंपनीची सत्तरच्या दशकातली मॉडेल ७७, मागे अंगठ्याखाली सेफ्टी असलेली, दुप्पट किमतीची. मित्राला चिली आवडली होती, मी तिला विरोध केला. १८९५ च्या माउझरच्या बोल्टला पुढे दोनच अडसर असतात. तिसरा, आधाराचा अडसर पुढे १८९८ च्या मॉडेलमध्ये आला. पोलाद आणि त्याची प्रक्रिया जुनी, सव्वाशे वर्षांत कोणी काय भरलं हे कोणालाच माहीत नाही, आणि पुंगळी फुटली तर मागे येणाऱ्या गॅसला वाट देण्याची सोयही नंतरच्या रायफलींइतकी नाही. सौम्य भारावर अशी रायफल चालते, पुष्कळ जण वापरतातही. पण घरी भरणाऱ्याच्या घरात ती ठेवायला मला पटेना. एखाद्या दिवशी घाईत दुसऱ्या रायफलसाठी भरलेलं काडतूस तिच्यात जाण्याची शक्यता नेहमी उरते.

याच जुन्या रायफलींमुळे अमेरिकेत ७×५७ ला कमी दाबाची मर्यादा आहे. सामी ही मानक ठरवणारी संस्था तिला ५१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) देते, ७-०८ ला ६१,०००. दुकानातल्या पेट्याही त्या मर्यादेतच भरलेल्या असतात. नव्या, मजबूत रायफलमध्ये अधिक भरता येतं आणि बरेच जण भरतात. वहिनींना त्याची गरजच नव्हती. कमी दाबाचं मानक हे त्यांच्या दृष्टीने उलट बरंच: ते आपोआप मऊ काडतूस देतं, पुंगळ्या जास्त टिकतात, बोल्ट हलका उघडतो.

रुगर घेतली. पण तिच्यातला सर्वात मोठा फरक पडला तो काडतुसाने नव्हे. दस्ता साडेतेरा इंचांचा होता, वहिनींच्या हाताला तो लांब पडे, म्हणून त्या मान पुढे काढून, खांदा चोरून धरत. बंदूकसाजाने दस्ता पाऊण इंच कापला, शेवटी जाड रबरी पॅड बसवला, दुर्बीण पुढे सरकवली. धक्का मोजमापात तोच राहिला, पण खांद्यावर तो पसरला आणि टोचेनासा झाला. मऊ काडतूस शोधणाऱ्याने आधी दस्ता मोजावा, हे मी सगळ्यांना सांगतो, आणि बहुतेक जण ते न करता काडतूस बदलत बसतात.

आता भरणं. घरी काडतूस भरताना प्रथम गोळी निवडतात, मग तिला साजेसा वेग, मग त्या वेगाला पावडर. बरेच जण उलट सुरुवात करतात. वहिनींच्या बाबतीत गोळीचा प्रश्न असा होता: २,६०० च्या आसपास सुटून, हळू होत होत २०० यार्डांवर तिला अजून उमलता येईल का? शिशाच्या गाभ्याची, साधी तांब्याच्या कवचाची गोळी कमी वेगालाही उमलते. कठीण, संपूर्ण तांब्याची गोळी उमलायला जास्त वेग मागते. सौम्य भारात कठीण गोळी घातली तर ती सळईसारखी आरपार जाईल, हरीण लांब पळेल आणि रक्ताची खूण थोडी मिळेल. म्हणून आम्ही हॉर्नडीची १३९ ग्रेनची इंटरलॉक घेतली. ती २,६०० ला सुटली तर २०० यार्डांवर सुमारे २,१५० ते २,२०० उरतात, म्हणजे उमलायला भरपूर. नॉस्लरची १४० ग्रेनची पार्टिशनही तितकीच योग्य होती, फक्त जास्त महाग. सरावासाठी १२० ग्रेनची आणखी हळू.

पावडर म्हणून एच४८९५ निवडली, आणि यामागे कारण आहे. हॉजडन कंपनी या एका पावडरला सांगते की आपल्या पुस्तकातल्या कमाल भाराच्या साठ टक्क्यांपर्यंत खाली आलेलं चालेल. मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी कमी धक्क्याचे भार करायला हीच वापरतात. ही सवलत प्रत्येक पावडरला नाही! सावकाश जळणाऱ्या पावडरचा भार खूप कमी केला तर पुंगळीत रिकामी जागा उरते, पावडर आडवी पसरते, आणि कधीकधी ती अनियमित पेटून दाब धोकादायक पातळीवर जातो. कमी भार म्हणजे नेहमीच सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. एच४८९५ कमी भारातही शांत जळते, आणि थंडीतही वेग फार बदलत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डिसेंबरात उणे पाच अंश सेल्सिअसला याचं महत्त्व कळतं.

भाराचे ग्रेनचे आकडे मी इथे मुद्दाम देत नाही. ते पुंगळीच्या बनावटीवर, गोळीवर, प्राइमरवर (पावडर पेटवणाऱ्या तळातल्या टोपीवर) आणि त्या रायफलच्या नळीवर अवलंबून असतात. पुस्तक घ्यावं, त्या पुस्तकात आपल्याच गोळीचा भार शोधावा, कमीत कमी भारापासून सुरू करावं आणि वर चढताना प्रत्येक पायरीला रिकाम्या पुंगळीचं तळ पाहावं. प्राइमर सपाट दिसतो का, बोल्ट जड उघडतो का, हे शेवटी पुंगळीच सांगते.

वहिनींनी पुंगळ्या मापात आणल्या, मान आतून स्वच्छ केली, लांबी पाहिली. ७×५७ ची कमाल लांबी २.२३५ इंच, त्याहून थोडी कमी छाटतात. दस्त्यासारखंच इथे खूप लोक घाई करतात. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) रिसायझिंग डायने (मापात आणणाऱ्या साच्याने) अकारण मागे ढकलला तर पुंगळी दोन-तीन वेळा भरल्यावर तळाजवळून तडकते. वहिनींनी तो इंचाच्या दोन हजारांशांपेक्षा जास्त मागे ढकलला नाही. काडतुसाची एकूण लांबी रायफलच्या मॅगझिनमध्ये बसेल एवढीच ठेवली. रुगरच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा, पुढचा गळा लांब होता, तरी आम्ही गोळी रायफलिंगला टेकवण्याच्या मागे लागलो नाही. शिकारीला काडतूस सहज आत जायला हवं, ते जास्त मोलाचं. प्रत्येक भरलेलं काडतूस एकदा चेंबरमध्ये घालून पाहिलं, अर्थात रेंजवर, घरात नव्हे.

क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) १३९ ग्रेनचा भार २,५८० च्या आसपास स्थिरावला. पुस्तकातल्या कमाल भारापासून तो बराच खाली होता. पाच बारांचा गट (कागदावरच्या भोकांचा पसारा) शंभर यार्डांवर दीड इंचाचा, कधी त्यापेक्षा लहान. मित्र म्हणाला, थोडा भार वाढवून बघू, गट आणखी लहान होईल. वहिनींनी नकार दिला, आणि तो निर्णय पूर्णपणे त्यांचा होता. हरणाचं काळीज-फुफ्फुसाचं क्षेत्र सहा इंचांच्या ताटलीएवढं धरलं, तर दीड इंचाची रायफल त्या अंतरावर कुठेही चुकत नाही. चुकतो तो माणूस, आणि माणूस चुकतो ते धक्क्याच्या भीतीने. दुर्बीण अशी लावली, की शंभरावर गोळी दोन इंच वर लागेल, म्हणजे दोनशेच्या जवळपास ती नेमकी लागते आणि मधल्या सगळ्या अंतरांत तीन इंचांच्या आतच राहते. झाडीत बहुतेक हरणं शंभर यार्डांच्या आत दिसतात, म्हणून एवढं पुष्कळ.

सरावाचं काम मी सर्वात जास्त महत्त्वाचं मानतो आणि त्यावर वहिनींनी उन्हाळाभर मेहनत घेतली. आधी .२२ ची छोटी रायफल, मग सरावाची १२० ग्रेनची काडतुसं २,४०० च्या वेगाने, ज्यांचा धक्का ७ फूट-पौंडांच्या आसपास. त्यांचा मारा वेगळ्या ठिकाणी लागतो, म्हणून नेम त्यांच्यावर बेतायचा नाही, फक्त चाप दाबण्याची सवय लावून घ्यायची. मग मित्राने खऱ्या काडतुसांत मधूनच एक पोकळ सराव-काडतूस मिसळून द्यायला सुरुवात केली. आत काय आहे हे वहिनींना माहीत नसे. आवाज झाला नाही आणि तरी नळी खाली झुकली, तर भीती अजून शिल्लक आहे. सुरुवातीला ती झुकायची. ऑगस्ट संपेपर्यंत ती जागची हलत नव्हती. त्यांनी स्वतःच नियम घातला: बसून, काठीच्या आधारावर, सहा इंचांच्या ताटलीत पाचपैकी पाच बसले तेवढंच अंतर आपलं. ते दीडशे यार्ड आलं.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक प्रौढ मादी सत्तर यार्डांवर, पूर्ण आडवी उभी असताना मारली. गोळी खांद्यामागून गेली, दोन्ही फुफ्फुसांतून पार झाली. हरीण झाडीत साधारण चाळीस पावलं पळून पडलं. फुफ्फुसात बसलेलं हरीण असं पळतंच, जड काडतुसानेही पळतं, हे नवख्याला आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो घाबरून दुसरी गोळी कुठेही झाडतो. रक्ताची खूण स्पष्ट होती. गोळी पार झाल्याने ती हाती आली नाही, पण आतली जखम पाहता ती नीट उमललेली होती यात शंका नाही.

एकच प्रश्न उरला, तो मांसाचा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्यापैकी लांब जातात, एक्स-रेत ते दिसतात, आणि वहिनींच्या घरी लहान मुलं आहेत. जखमेच्या भोवतीचा मोठा भाग त्यांनी टाकून दिला आणि त्याच्या आसपासचं मांस खिम्यासाठी वापरलं नाही. पुढच्या हंगामासाठी त्यांना संपूर्ण तांब्याची गोळी हवी आहे. मी वर लिहिलं तसं ती जास्त वेग मागते, म्हणून १२० ग्रेनची निवडून ती २,७०० च्या पुढे नेता येईल का हे पाहायचं आहे, धक्का ११ च्या वर न जाऊ देता. हलक्या गोळीमुळे ते साधेल असा माझा अंदाज आहे. शंभर आणि दीडशे यार्डांवर ओल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ती किती उमलते ते मे महिन्यात बघणार आहोत. पुंगळ्या त्याच चालतील, भार मात्र पहिल्या पायरीपासून नव्याने.